मागच्या चाकाचा तुंबा बदलताना



आज आपण मोटरसायकलच्या मागच्या चाकाबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बायकांना हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे हा विषय गटाच्या वहीतूनच आला. गटाने कर्ज दिलं, त्या पैशातून गाडी दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती चुकली. चूक गॅरेजवाल्याची होती, तशी आमचीही होती. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आम्ही मुंबईत लालबाग-परळ भागातल्या गटांचं काम पाहतो. हा जुना गिरणगाव. इथल्या एका गटातल्या ताईंच्या घरी सासऱ्यांची जुनी बुलेट होती. बरीच वर्षं चाळीच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. ताई मसाल्याचा धंदा करतात. लालबागच्या मसाला गल्लीत उन्हाळाभर मिरची-धणे घ्यायला झुंबड असते. मिरची निवडायची, भाजायची, डंकावर कांडून घ्यायची आणि तयार मसाला गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा. दादर, गिरगावपर्यंत जड पिशव्या टॅक्सीने न्यायच्या म्हटलं तर नफा भाड्यातच जातो. ताईंना गाडी चालवता येत होती, लायसन्स होतं. त्यांनी गटाकडे १५,००० रुपये मागितले. गटाने दरमहा दोन टक्क्यांनी दिले. म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज ३०० रुपये. गाडी चालो वा न चालो, व्याज चालूच.

त्यात पाडवा जवळ आला. गिरगावात गुढीपाडव्याला शोभायात्रा निघते. ढोलताशा, लेझीम, आणि नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेट चालवणाऱ्या बायका. तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. आमच्या गटाने ठरवलं, यंदा आपल्या ताईपण बुलेट घेऊन जाणार आणि त्यांच्या मागे अध्यक्षबाई बसणार. झालं, घाई सुरू झाली. मागच्या चाकाचा हब गेलाय, असं पहिल्या मिस्त्रीने सांगितलं होतं. त्या घडणीचा जुना हब शोधायला वेळ लागेल, असंही तो म्हणाला होता. आम्हाला वेळ नव्हता. दुसरा एक गॅरेजवाला म्हणाला, "माझ्याकडे बुलेटचाच हब आहे, दोन दिवसांत बसवून देतो." आम्हीच ताईंना म्हटलं, यालाच द्या.

पाडव्याच्या आठ दिवस आधी रविवारी सकाळी सराव केला. रस्ता मोकळा होता, वेग कमी होता. एका वळणावर गाडी मागून झुलली, मोठा आवाज झाला आणि चेन उतरली. ताईंनी गाडी सांभाळली. अध्यक्षबाईंची पोटरी खरचटली. एवढ्यावर निभावलं. हीच गाडी मसाल्याच्या पिशव्या घेऊन भर रहदारीत असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

मग आम्ही गाडी ढकलत लालबागच्या एका गाळ्यात नेली. तिथे लेथवर काम करणारे एक काका आहेत. पूर्वी गिरणीत फिटर होते. त्यांनी चाक खोललं आणि आम्हाला सगळ्यांना खाली बसवून दाखवलं. ते जे आम्हाला कळलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी हब म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. बाहेर लोखंडी धाव, आत आरे, आणि सगळे आरे मध्ये जिथे येऊन बसतात तो तुंबा. तुंब्यातून आस जातो. मोटरसायकलचा हब म्हणजे हाच तुंबा. आऱ्यांच्या जागी तारांचे स्पोक आणि आसाच्या जागी एक्सल. फरक एवढाच की बैलगाडीचा तुंबा फक्त फिरतो. मोटरसायकलच्या मागच्या हबला तीन कामं करावी लागतात. गाडीचं आणि माणसांचं वजन पेलायचं. इंजिनाची ताकद चेनमधून चाकाला पोचवायची. आणि ब्रेक दाबला की तो जोर झेलायचा.

या कामाचा वेग किती, तेही ऐका. जुन्या बुलेटची रिम १९ इंची. टायर धरून चाकाचा घेर साधारण दोन मीटर होतो. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली तर ते चाक सेकंदाला साडेपाच फेरे घेतं. एका मिनिटात तीनशेवर. म्हणजे बसवताना राहिलेली बारीकशी चूक मिनिटाला तीनशे वेळा ठोके देते. मग ती बारीक राहत नाही.

आता त्या हबच्या पोटात काय असतं? दोन बाजूंना दोन बेअरिंग असतात, एक्सल त्यांच्यातून जातो. दोन बेअरिंगच्या मध्ये एक लोखंडी नळी असते. बाहेरून दिसत नाही, म्हणून तिला कुणी विचारत नाही. पण एक्सलचा नट आवळला की जो दाब येतो, तो ही नळी घेते. नळी नसली किंवा आखूड असली की तो दाब बेअरिंगच्या अंगावर जातो. बेअरिंग आडवं चेपलं जातं, तापतं, त्यात खेळ येतो आणि चाक डुलायला लागतं.

हबच्या एका बाजूला ब्रेकचा ड्रम असतो. जुन्या बुलेटमध्ये चेनचं दातेरी चाक आणि ड्रम हे एकाच ओतकामात असतात. दाते ३८. दाते झिजले की ड्रमही बदलावा लागतो, हे खर्चाचा अंदाज काढताना लक्षात ठेवा. हा ड्रम हबला थेट जखडलेला नसतो. दोघांच्या मध्ये रबराचे जाड तुकडे असतात. उखळाखाली आपण गोणपाट घालतो ना, घावाचा दणका जमिनीला बसू नये म्हणून? तसंच हे. गिअर पडला, चेनला झटका बसला, की तो झटका आधी रबर घेतं. रबर कडक होऊन फुटलं असेल, किंवा ड्रमचे खुंट रबराच्या खाचांत पुरते बसले नसतील, तर प्रत्येक झटका थेट स्पोकला आणि चेनला जातो.

आता प्रश्न असा की बुलेटचाच हब बुलेटला का बसला नाही? इथे थोडा इतिहास कळला पाहिजे. रॉयल एन्फील्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची कंपनी. तिथे १९३२ साली पहिल्यांदा बुलेट हे नाव वापरलं गेलं. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट आपल्याकडे तयार होऊ लागली. इंग्लंडातला कारखाना पुढे बंद पडला, आपल्याकडची बुलेट चालूच राहिली. कित्येक वर्षं तिचं रूप जवळपास तेच होतं. म्हणूनच लोक म्हणतात, बुलेटचा पार्ट कुठेही मिळतो. पण बाहेरचं रूप तेच राहिलं तरी आतले भाग वेळोवेळी बदलत गेले. दोन वेगळ्या काळातले हब शेजारी ठेवले तर लांबून सारखे वाटतात. माप घेतलं की कळतं, रुंदी वेगळी, बेअरिंगची जागा वेगळी, रबराच्या खाचा वेगळ्या.

आमच्या गाडीत हेच झालं होतं. गॅरेजवाल्याने नंतरच्या घडणीचा हब घातला. तो आमच्या जुन्या ड्रमला पुरता बसत नव्हता. उरलेल्या फटीत त्याने वायसर भरले. नळी आखूड पडली, तीही तशीच ठेवली. वायसरमुळे चाक चार-पाच मिलिमीटर एका बाजूला सरकलं. इंजिनाकडचं दातेरी चाक एका ओळीत आणि मागचं दुसऱ्या ओळीत. चेन तिरपी ओढली जात होती. वळणावर वजन एका बाजूला आलं आणि ती उतरली. काका म्हणाले, "ताई, आत गेला म्हणजे बसला असं नसतं." हे वाक्य आम्ही गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मग ठरलं की गाडी ज्या घडणीची आहे त्याच जुन्या घडणीचा हब शोधायचा. मुंबईत अशा भागांसाठी ऑपेरा हाउसच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत आणि जुन्या मालासाठी चोरबाजार आहे. तुमच्या तालुक्याच्या गावी भंगारवाला असेल, जुना बुलेटवाला असेल. भाव सांगत नाही, कारण तो दर दुकानात वेगळा. पण विकत घेताना काय पाहायचं ते सांगतो.

पहिलं, रिकाम्या हाताने जाऊ नका. आपला जुना हब, ड्रम, एक्सल आणि मधली नळी गोणीत घालून न्या. दुकानातच दोन्ही हब शेजारी ठेवा. ड्रमचे खुंट खाचांत बसवून पाहा. एक्सल घालून पाहा. पट्टीवर भरवसा ठेवू नका, व्हर्निअरने माप घ्यायला सांगा. दुकानात ते असतं.

दुसरं, स्पोकची भोकं मोजा. काही चाकांना ३६ स्पोक असतात, काहींना ४०. हब आणि रिम दोघांची संख्या जुळलीच पाहिजे. भोकं लांबट झालेली, कडेला तडा गेलेला हब घेऊ नका. तडा दिसत नसेल तर रॉकेलने पुसून, कोरडा करून वर खडूची पूड लावा. तडा असला तर थोड्या वेळाने तेलकट रेघ उमटते.

तिसरं, बेअरिंगची जागा बोटाने चाचपा. नवीन बेअरिंग तिथे घट्ट बसायला हवं. हाताने सहज आत-बाहेर होत असेल तर ती जागा झिजली आहे. काही मिस्त्री तिथे ठोकून खुणा पाडतात आणि बेअरिंग बसवतात. ते थोडे दिवस टिकतं, मग पुन्हा सैल होतं.

चौथं, बिल घ्या. आरसीवर इंजिन आणि चासीचा नंबर असतो, तिथे हबची नोंद नसते. त्यामुळे जुना हब कुठल्या गाडीचा, हे आपल्याला कळणार नाही. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं गुन्हा आहे. बिल न देणाऱ्याकडे स्वस्त मिळत असलं तरी घेऊ नका. गटाच्या पैशाला बिल लागतंच.

हब मिळाला की बसवायची पाळी. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. जुना ड्रम खोलताना आतली काळी धूळ तोंडाने फुंकायची नाही, कुणाला फुंकू द्यायची नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्याची धूळ फुप्फुसात गेली की घातक. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं टाकून द्यायचं. लहान मुलं जवळ नकोत.

बेअरिंग आणि रबर नवीनच घाला. हब जुना चालेल, पण ही दोन जुनी नकोत. बेअरिंग बसवताना त्याच्या बाहेरच्या कड्यावर सगळीकडून सारखा दाब द्यायचा. आतल्या कड्यावर हातोडी मारली तर नवीन बेअरिंगही तिथेच खराब होतं. पहिलं बेअरिंग, मग नळी, मग दुसरं बेअरिंग. नळी घातली का, हे तुम्ही स्वतः पाहा. एकदा बंद झालं की दिसत नाही.

मग स्पोक बांधून रिम सरळ करायची. चाक फिरवून रिमच्या कडेला खडू धरला की कुठे बाहेर येते ते कळतं. स्पोक एकसारखे ताणलेत का, हे चमच्याने वाजवून ऐका. सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा हवा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे.

ड्रमच्या तोंडावर ब्रेकची पाटी बसते. चाक फिरतं, पण ही पाटी फिरता कामा नये. म्हणून तिला गाडीच्या सांगाड्याला अटकाव असतो. तो अटकाव जागेवर बसला नाही तर ब्रेक दाबताच पाटी चाकाबरोबर फिरायला जाते आणि चाक जाम होऊ शकतं. हे बोट दाखवून विचारायचं, "काका, अटकाव बसला का?"

चाक गाडीत चढवलं की चेन ताणायची. जुन्या बुलेटला त्यासाठी दोन बाजूंना गोगलगायीच्या शंखासारख्या दोन चकत्या असतात, त्यांना खाचा असतात. दोन्ही बाजूंना सारखीच खाच हवी. एका बाजूला तिसरी आणि दुसऱ्या बाजूला चौथी असेल तर चाक तिरकं बसलं. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण इंचभर हलली पाहिजे. फार ताठ नको, फार ढिली नको.

शेवटी सुतळीची परीक्षा. गवंडी दोरी लावतो तसंच. मागच्या टायरला मागून सुतळीचा वळसा घाला आणि दोन्ही टोकं टायरच्या दोन्ही कडांना टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताठ ओढा. पुढचं चाक सरळ धरा. दोन्ही बाजूंना सुतळी आणि पुढचा टायर यांत सारखं अंतर असेल तर चाकं एका ओळीत आहेत. ही परीक्षा करायला मिस्त्री लागत नाही. दोघी बायका आणि पाच रुपयांची सुतळी पुरे.

मग गाडी डबल स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा. घरघर नको. टायर दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. टकटक नको. ब्रेक दाबा, सोडा, चाक पुन्हा मोकळं फिरलं पाहिजे. हे सगळं झाल्यावर पैसे द्या. काढलेला जुना भाग परत मागा. पहिले चार-पाच किलोमीटर एकटीने, हळू चालवा. मागे कुणी नको, ओझं नको. मग थांबून हबजवळ हात नेऊन पाहा. खूप तापलं असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग चेपलंय. दुसऱ्या दिवशी नट आणि स्पोक पुन्हा तपासून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. दुसऱ्या गाडीवर शिकलेल्या बाईने आधी मोकळ्या मैदानात सवय करावी.

आता साडी नेसणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मागच्या चाकावर जाळी असते, तिला आपण साडी गार्ड म्हणतो. चाक खोलायचं म्हणजे पुष्कळदा ती जाळी काढतात आणि पुन्हा लावायला विसरतात, किंवा जुनी दिसते म्हणून लावतच नाहीत. केंद्राच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांत, १२३व्या नियमात, स्पष्ट लिहिलंय की मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निदान निम्मं झाकेल अशी जाळी हवी, म्हणजे कपडा अडकणार नाही. सेकंदाला साडेपाच फेरे घेणाऱ्या चाकात पदर गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही. अध्यक्षबाईंची पोटरी फक्त खरचटली, कारण त्या दिवशी जाळी जागेवर होती. तेव्हा जाळी लावल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. आणि पदर खोचल्याशिवाय, हेल्मेट घातल्याशिवाय बसू नका.

आमच्या ताईंच्या गाडीचा हब शोधायला दोन आठवडे गेले. पाडवा त्यातच होऊन गेला. आदल्या दिवशी गटातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, वायसर बदलून एक दिवस चालेल की, हळूच चालवू. तेव्हा ताईच म्हणाल्या, "मागे बसणार कोण ते आधी सांगा." कुणी काही बोललं नाही. पाडव्याला ताई नऊवारी नेसून, फेटा बांधून आमच्याबरोबर गिरगावात चालत आल्या. बाकीच्या बायका बुलेटवरून पुढे गेल्या तेव्हा त्यांना वाईट वाटलं, आम्हाला त्याहून जास्त वाटलं. घाई आमची होती आणि दोन वेळचा खर्च त्यांना पडला.

म्हणून गटाने बैठकीत ठराव केला. पहिल्या दुरुस्तीचा जो पैसा वाया गेला, त्यावरचं व्याज ताईंकडून घ्यायचं नाही, कारण तो निर्णय सगळ्यांचा होता. आणि यापुढे गाडी असो, शिलाई मशीन असो की पिठाची गिरणी, दुरुस्तीसाठी कर्ज देताना तीन गोष्टी वहीत लिहायच्या. कोणता भाग बदलणार आणि तो याच मशीनच्या घडणीचा आहे का? बिल मिळणार का? चालवून पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे ठरलंय का? सण, लग्न, हंगाम यांची तारीख हे दुरुस्ती लवकर उरकण्याचं कारण होऊ शकत नाही.

गाडी आता चालते. ताईंनी या हंगामात मसाला दादरपर्यंत स्वतः पोचवला. दर रविवारी सकाळी त्या चाळीच्या बोळात डबल स्टँड लावतात, चाक फिरवतात, कान देऊन ऐकतात आणि मग चमचा घेऊन स्पोक वाजवतात. चाळीतली मुलं भोवती जमतात. परवा एका लहान मुलीने न सांगता बद्द वाजणारा स्पोक ओळखला.

तुमच्या गटात कुणाकडे जुनी गाडी असेल तर या रविवारी एवढं करून पाहा. सुतळी लावा, स्पोक वाजवा, साडी गार्ड आहे का बघा. आणि काय आढळलं ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. नमस्कार.